टॅग वाजतोय, पण कुठे? एका कानाने केलेलं परीक्षण

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झाले आणि जाताना तो कान घेऊन गेले. किल्ल्या शोधायच्या यंत्राबद्दल लिहिताना हे कशाला, असं वाटेल, पण माझं सगळं म्हणणं त्या कानापाशीच येऊन थांबतं. या यंत्रांच्या खोक्यावर रेंजचा आकडा ठळक असतो, नकाशाचं चित्र असतं. घरातल्या घरात किल्ली हरवली तर नकाशा काय सांगणार? किल्ली घरात आहे, एवढंच. ते मला आधीच माहीत असतं. पुढचं सगळं काम आवाजावर चालतं, आणि आवाज कुठून येतोय हे ओळखायला दोन कान लागतात.

आमच्याकडे सध्या तीन प्रकारची यंत्रं आहेत. एक साधा ब्लूटूथ टॅग, ॲपमध्ये बटण दाबलं की वाजणारा. दुसरा बाणवाला. तोही टॅगच, पण फोनच्या पडद्यावर बाण आणि अंतर दाखवतो. तिसरं फोनशिवायचं: एक रिमोट, त्यावर रंगीत बटणं, आणि प्रत्येक रंगाचं एक लटकन. तिन्ही वापरावी लागतात, कारण किल्ल्या जागेवर ठेवायची शिस्त आमच्या घराला नाही. दाराजवळ हूक आहे. त्यावर छत्री असते.

आधी साधा टॅग. आत एक ब्लूटूथ चिप, एक बटन सेल आणि आवाज काढणारी पातळ तबकडी. २०१० साली ब्लूटूथच्या ४.० आवृत्तीबरोबर कमी वीज खाणारा प्रकार आला, त्यामुळे अशी वस्तू एका सेलवर महिनोन्‌महिने चालू लागली. टॅग बहुतेक वेळ झोपलेला असतो, मधूनमधून जागा होऊन 'मी इथे आहे' असा बारीक इशारा देतो आणि परत झोपतो. फोनला तो इशारा मिळाला की जोडणी होते आणि आपण बटण दाबलं की टॅग वाजतो. ॲपमध्ये जोडून घेणं सोपं आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

वाजतो कसा, यावर मात्र करते. पिप-पिप-पिप, वरच्या पट्टीतला एकच सूर. कंपन्या हा सूर निवडतात त्याला कारण आहे. माणसाचा कान साधारण २ ते ४ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि ती चिमुकली तबकडीही तिथेच कमी विजेत मोठ्याने वाजते. म्हणजे 'वाजतोय' हे कळण्यासाठी हा सूर उत्तम. गंमत अशी की 'कुठे वाजतोय' हे कळण्यासाठी तोच पट्टा सर्वांत वाईट. खालच्या सुरांची दिशा आपण वेळेवरून ओळखतो. बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, आणि तो फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंदाचा असला तरी मेंदूला पुरतो. अगदी वरच्या सुरांची दिशा मोठेपणावरून कळते, कारण डोकं मध्ये येतं आणि पलीकडच्या कानाला आवाज बारीक पोचतो. मधला २-३ हजारांचा पट्टा मात्र धड या युक्तीत बसत नाही, धड त्या. शिवाय एकच शुद्ध सूर. खरखर, खडखड, टाळी यांत बरेच सूर मिसळलेले असतात, त्यांची दिशा चटकन कळते. भिंतीत बसलेला रातकिडा दोन कानवाल्यांनाही सापडत नाही, त्यातही या शुद्ध सुराचा मोठा हात असतो.

दोन कानवाल्यांची ही कथा, तर माझी काय असेल! माझ्याकडे वेळेचा फरक नाही, मोठेपणाचा फरक नाही. सगळे आवाज डावीकडूनच येतात. किल्ली उजव्या हाताच्या टेबलावर वाजत असली तरी मी डावीकडे वळते. घरातले हसतात, हसू देत.

पण एका कानानेही शोधता येतं, त्याची पद्धत आहे आणि ती दोन कानवाल्यांनाही उपयोगी पडेल. जागेवर उभं राहून कान टवकारू नये. आधी दारं वापरायची. खोलीचं दार लावलं आणि आवाज मंदावला तर किल्ली दाराच्या पलीकडे. हे एवढं सरळ आहे की पहिल्या दोन दारांतच खोली कळते. खोलीत शिरल्यावर हळूहळू स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची. आवाज सर्वांत मोठा होतो तेव्हा किल्ली तोंडासमोर नसते, चांगल्या कानाच्या बाजूला असते, म्हणजे माझ्या डावीकडे. मग त्या दिशेला दोन पावलं आणि परत गिरकी. रिकाम्या खोलीत, फरशी आणि उघड्या भिंती असतील तिथे हे फसतं, कारण आवाज सगळीकडून आपटून येतो. न्हाणीघरात तर विचारूच नका. पडदे, गादी, कपडे असलेल्या खोलीत सोपं जातं, पण किल्ली त्या कपड्यांखाली असेल तर उलटी पंचाईत, कारण वरचे सूर कापड आधी गिळतं.

इथेच साध्या टॅगची पहिली तक्रार. माझा टॅग थोडा वेळ वाजतो आणि आपणहून गप्प होतो. गिरकी अर्धी झालेली असते. परत फोन उघडा, ॲप उघडा, जोडणी होईपर्यंत थांबा, बटण दाबा. दोन कानवाल्याला तेवढ्या वेळात किल्ली सापडत असेलही. मला 'मी थांबवेपर्यंत वाज' असं बटण हवं आहे. टॅग निवडताना ही एक गोष्ट आधी वाजवून बघा, रेंजचा आकडा नंतर वाचा.

दुसरी तक्रार आवाजाच्या भोकाबद्दल. पुष्कळ टॅगांना एका बाजूला बारीक भोक असतं, आवाज तिथून येतो. ते भोक सोफ्याच्या खाचेत खाली तोंड करून बसलं की पिपेचा जीव जातो. वरून रबराचं किंवा चामड्याचं कव्हर घातलं तर आणखी कमी. कव्हर घेताना भोक उघडं राहतंय का, ते बघून घ्यावं. ॲपलच्या एअरटॅग या टॅगचा प्रकार वेगळा आहे. त्यात पांढरं प्लास्टिकचं आवरणच थरथरून आवाज काढतं, म्हणून त्यावर काही घट्ट बसवलं की आवाज दबतो. आणि त्याला कडी अडकवायला भोकही नाही, त्यामुळे किल्लीला लावायचा तर धारक घ्यावाच लागतो. ११ ग्रॅमच्या, फक्त ८ मिलिमीटर जाड वस्तूत एवढं सगळं बसवणाऱ्यांना एक भोक पाडायला जागा सापडली नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

साध्या टॅगच्या ॲपमध्ये जवळ-लांब दाखवणारी एक पट्टी असते. ती इशाऱ्याच्या जोरावर चालते आणि जोर लहरी असतो. लोखंडी कपाटाचं दार लावलं की किल्ली दोन हातांवर असूनही पट्टी हताश होते. मात्र या लहरीपणाचा एक फायदा करून घेता येतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि ती लहर पाणी शोषून घेतं. माणूस बहुतांशी पाणीच. फोन छातीशी धरून सावकाश फिरलं की ज्या क्षणी आपली पाठ टॅगकडे होते त्या क्षणी पट्टी घसरते. मग किल्ली पाठीमागे. पट्टी ताजी व्हायला वेळ घेते, त्यामुळे गिरकी फार सावकाश हवी, पण कान लागत नाही! माझ्यासाठी हा शोध मोठा होता.

आता बाणवाला. हा घरात आला आणि माझा नूर बदलला.

याच्यात ब्लूटूथशिवाय अल्ट्रा वाइडबँड नावाचा दुसरा रेडिओ असतो. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. फोन आणि टॅग एकमेकांना इशारे पाठवून जाण्यायेण्याचा वेळ मोजतात, त्यावरून अंतर निघतं. आणि दिशा? फोनमध्ये एकापेक्षा जास्त अँटेना असतात. एकच इशारा प्रत्येक अँटेनाला किंचित वेगळा पोचतो, त्या फरकावरून फोन बाण काढतो. थोडक्यात, फोनला दोन कान आहेत. माझं जे यंत्र लहानपणी बिघडलं ते माझ्या हातात परत आलं, फक्त आवाजाऐवजी रेडिओवर चालणारं.

प्रत्यक्षात असं होतं. सुरुवातीला बाण दिसत नाही, फोन 'इकडेतिकडे फिरा' म्हणतो. चार पावलं टाकली की आकडा येतो, मग बाण. जवळ जाऊ तसा फोन हातात थरथरतो. मला सर्वांत आवडतं ते हेच, कारण शेवटच्या टप्प्यात पडद्याकडेही बघावं लागत नाही, हात पुढे करून चाचपत जाता येतं. उशांच्या ढिगाखालचा जुडगा मी असा काढते. अडचणी आहेत. भिंतीपलीकडचं त्याला नीट कळत नाही, लोखंडापुढे तोही हतबल, आणि दिवा बंद असेल तर माझा फोन उजेड मागतो. रात्री सगळे झोपले असताना किल्ली शोधायची तर टॉर्च लावून फिरा. तरीही माझ्यासाठी याच्या जवळ दुसरं काही येत नाही.

अट एकच, पण मोठी: फोनमध्येही अल्ट्रा वाइडबँड हवा. आयफोनमध्ये तो २०१९च्या आयफोन ११ पासून आला, तरी त्यानंतरच्या स्वस्त मॉडेलांत नाही. अँड्रॉइडमध्ये तो सहसा वरच्या श्रेणीच्या फोनांतच सापडतो. म्हणून टॅग बघायच्या आधी आपल्या फोनची माहिती बघा. दुकानात 'सगळ्या फोनवर चालतो' म्हणतात ते खोटं नसतं, वाजतो सगळ्यांवर. बाण सगळ्यांवर येत नाही. आणि एअरटॅग अँड्रॉइड फोनला जोडून घेता येत नाही, सॅमसंगचा स्मार्टटॅग आयफोनला नाही. घरात दोन जातींचे फोन असतील तर कुठलाही एक टॅग सगळ्यांचा होत नाही.

रिमोटवाल्याला ही भानगडच नाही, आणि त्याची कहाणी सासूबाईंची आहे. त्यांनी फोन फक्त बोलण्यापुरता ठेवलाय आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या कपाटाच्या किल्लीला आम्ही आधी साधा टॅगच लावला होता. किल्ली हरवली, मी बटण दाबलं.

"अगं, वाजतोय का तो? मला तर काही ऐकू येत नाही."

"वाजतोय आई, पण कुठे ते मला कळत नाहीये."

वय वाढतं तसे वरच्या पट्टीचे सूर आधी जातात. त्यांना पिप ऐकू येत नव्हती, मला दिशा कळत नव्हती. आम्ही दोघी घरभर फिरलो. नवऱ्याने येऊन किल्ली काढून दिली आणि वर एक चेहरा केला, तो इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर रिमोट आला. त्याच्या लटकनाचा आवाज खालच्या पट्टीतला, जरा फाटका, घोगरा. ऐकायला अजिबात चांगला नाही आणि म्हणूनच चांगला आहे. सासूबाईंना ऐकू येतो आणि फाटका असल्यामुळे दिशाही थोडी जास्त कळते. बरोबर एक दिवा लुकलुकतो, अंधारात तेवढा पुरतो. हे रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. ब्लूटूथची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, हिची सुमारे ६९, त्यामुळे भिंतींचं हिला तेवढं वावडं नाही. ॲप नाही, खातं नाही, परवानग्या नाहीत. पिवळं दाबलं की पिवळं वाजतं. किल्लीला पिवळं, चष्म्याच्या डबीला निळं, हे सासूबाईंनी स्वतः ठरवलं. उणीव अशी की लटकन जाडजूड आहे, खिशात टोचतं, आणि सेल लवकर संपतो. ते रिमोटच्या हाकेसाठी सतत कान देऊन बसतं, टॅगसारखं झोपत नाही. आणि हो, रिमोट हरवला तर? तो आम्ही दुहेरी चिकटपट्टीने फ्रिजच्या बाजूला चिकटवून टाकला आहे.

शीळ घातली की वाजणारी जुनी कीचेन कुणाला आठवते का? आमच्याकडे एक होतं. हसलं की वाजायचं, भांडं पडलं की वाजायचं, शीळ घातली की विचार करायचं. ते ज्याने घरात आणलं त्याने स्वतःच खिडकीतून फेकलं.

फोन हरवला तर टॅग दाबून फोन वाजवायचा, ही सोय काही टॅगांना आहे, एअरटॅगला नाही. आमच्या साध्या टॅगला आहे आणि घरात किल्लीपेक्षा फोनच जास्त शोधला जातो, त्यामुळे या एका कारणासाठी मी त्याला अजून ठेवलंय. फोनचा आवाज बंद असला तरी वाजतो. फोनची धून बऱ्याच सुरांची असते, त्यामुळे मलाही चटकन सापडतो.

घराबाहेर हरवलं तर काय, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, म्हणून थोडक्यात. टॅगमध्ये जीपीएस नसतं. टॅगजवळून जाणारा दुसऱ्या कुणाचा तरी फोन त्याचा इशारा ऐकतो आणि आपलं ठिकाण जाळ्यावर पाठवतो. ॲपलचं हे जाळं एअरटॅगसाठी २०२१पासून आहे, गूगलने आपलं २०२४मध्ये सुरू केलं. वर्दळ असेल तिथे उत्तम चालतं, निर्मनुष्य जागी टॅग नुसता ओरडत बसतो. गूगलच्या जाळ्यात फोनच्या सेटिंगमध्ये काही बदललं नाही तर फोन गजबजलेल्या जागीच मदत करतात, सगळीकडे मदत करायची तर ज्याचा त्याने तो पर्याय निवडावा लागतो. मला बाहेर किल्ली हरवण्याचा प्रसंग फारसा येत नाही, त्यामुळे या भागावर मी गुण देणार नाही.

याच जाळ्यामुळे एक त्रास होतो, तो मात्र घरातला. कुणाच्या नकळत त्याच्या सामानात टॅग सरकवून पाळत ठेवता येते, म्हणून ॲपल आणि गूगलने मे २०२४पासून दोन्ही प्रकारच्या फोनांवर 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' अशी सूचना आणली. आवश्यकच आहे. एअरटॅग तर मालकापासून ८ ते २४ तास दूर राहून हलला की आपणहून वाजू लागतो. पण नवरा माझा जुडगा घेऊन दिवसभर बाहेर गेला की त्याच्या फोनवर त्याची बायको त्याच्यावर पाळत ठेवत असल्याची नोंद होते. उपाय आहे: टॅग घरच्यांमध्ये वाटून घ्यायचा. आयफोनवर २०२३च्या आयओएस १७पासून एक एअरटॅग आणखी पाच जणांशी वाटता येतो. वाटला की सूचना बंद, आणि त्यालाही किल्ली शोधता येते. दुसऱ्या कंपन्यांचा टॅग घेताना वाटायची सोय आहे का, हे विचारून घ्या. घरची किल्ली एकट्याची कधीच नसते.

सेलचं सांगायचं तर बहुतेक टॅगांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल बसतो, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, कुठेही मिळणारा. काही स्वस्त टॅगांत सेल बदलताच येत नाही. ते घेऊ नका, सेल संपला की अख्खा टॅग कचरा. लहान मूल घरात असेल तर झाकण किती सहज उघडतं ते आधी बघा. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करतो. म्हणून काही कंपन्या सेलला कडू लेप लावतात. त्या लेपामुळे काही सेल एअरटॅगमध्ये नीट टेकत नाहीत आणि टॅग चालू होत नाही, असं ॲपलनेच सांगून ठेवलंय. नवा सेल घालूनही टॅग मुका राहिला तर आधी दुसऱ्या कंपनीचा सेल घालून बघा.

तर दोन्ही कान धड असतील, घर लहान असेल, तर साधा टॅग पुरे, फक्त बराच वेळ वाजणारा घ्या. एक कान असेल आणि फोनमध्ये सोय असेल तर बाणवाल्यावर खर्च करा, मागेपुढे बघू नका. घरात वयस्कर माणूस असेल तर रिमोट, आणि घेण्याआधी त्या माणसाला आवाज ऐकवून.

आमच्या घरात सर्वांत जास्त हरवणारी वस्तू मात्र किल्ली नाहीच, चष्मा आहे. डबीला निळं लटकन आहे, चष्मा डबीत नसतो. दांडीला लावता येईल असा टॅग मी बराच शोधला. सेलच २० मिलिमीटरचा, त्यावर तबकडी, आणि तबकडी लहान केली की आवाज आणखी वरच्या पट्टीत जातो. म्हणजे सासूबाईंना तो ऐकूच येणार नाही, आणि चष्म्याशिवाय लुकलुकणारा दिवाही दिसणार नाही.